प्रवासासाठी एकच झूम पुरते का?
'१८-३०० एमएमची झूम लेन्स (रुंद दृश्यापासून दूरच्या गोष्टीपर्यंत सगळं टिपणारी) घेतली की दुसरी लागतच नाही' असं काही जण म्हणतात; ते उन्हातल्या फोटोंपुरतं पटतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात फ्लॅश चालत नाही. माझी निकॉनची १८-१४० लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जायची, म्हणजे प्रकाश कमी यायचा (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० करूनही तिथल्या भित्तिचित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा हललेला आणि खरखरीत आला. फार हळहळ वाटली.

पुढच्या खेपेला सोबत ३५ एमएम एफ/१.८ ही झूम नसलेली लेन्स नेली. एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश, वजन अवघं २०० ग्रॅम! म्हणून सांगतो, झूम सेकंडहँड घ्या, उरलेल्या पैशांत ही बसवा. निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) असेल तर लेन्सवर 'एएफ-एस' (म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच) लिहिलंय ना ते नक्की बघा. या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या 'एएफ-डी' लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात.