मोकळ्या गॅलरीला शिक्षा करून काय मिळतं?

पेठकर (धागालेखक)

कालच्या फुटबॉलच्या धाग्यावर निळूभाऊंनी एका ओळीत निकाल लावला: "राडा झाला की त्या क्लबचं मैदान वर्षभर बंद. गल्ला आटला की आपोआप शहाणे होतात." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

निळूभाऊ, गल्ला कोणाचा आटतो? ब्रसेल्सचं हेसल मैदान घ्या. २९ मे १९८५, युरोपियन कपचा अंतिम सामना. लिव्हरपूलवाले युवेंटसच्या लोकांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं गेली. पुढे खटला होऊन १४ जणांना शिक्षा झाली. झालीच पाहिजे. पण युरोपातून हाकलले गेले इंग्लंडचे सगळे क्लब, पाच वर्षांसाठी. लिव्हरपूल सहा. एव्हर्टन त्या साली लीगचं विजेतं होतं, दोनच आठवड्यांपूर्वी रॉटरडॅमला कप विनर्स कप जिंकून आलं होतं. हेसलशी त्यांचा काडीचा संबंध नाही. युरोपियन कप खेळायचा तो संघ घरी बसला.

आता घरचं. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघाचा उपांत्य सामना. नाव घेत नाही, सुट्टीत गावी जायचं असतं. शेवटची दहा मिनिटं, आम्ही एका गोलने मागे. गॅलरीतून पाण्याची बाटली लाइन्समनच्या पायाशी पडली. मग दुसरी. मग एक चप्पल. सामना तिथेच गुंडाळला आणि पुढचे आमचे सामने प्रेक्षकांविना. उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन फाटकाशी आल्या आणि कुलूप बघून परत गेल्या. बाटली त्यांनी फेकली होती का?

निळूभाऊ

मुद्दे संपले की शेंगावाल्या मावशी येतात.

पेठकर, हुल्लडबाज पोसतं कोण? ढोल कोण देतं, फुकट पास कोण वाटतं? आणि राडा झाला की हेच क्लबवाले हात वर करतात, "ते आमचे समर्थकच नव्हेत." पंचाचा विचार कधी केलात? माझा धाकटा भाऊ जिल्ह्यात पंच होता. एकदा पेनल्टी दिली म्हणून दोन तास खोलीत कडी लावून बसावं लागलं. बाहेर आला तर मोटरसायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली. चार किलोमीटर ढकलत घरी. त्याने शिट्टी कपाटात ठेवली ती परत काढली नाही. त्याच्यासाठी कोणी धागा काढला नाही.

२०१२ ला कोलकात्याच्या मोहन बागान क्लबवर दोन वर्षांची बंदी टाकली तेव्हा कसे ताळ्यावर आले? इंग्लंडसुद्धा बंदीनेच सुधारलं.

सॉल्टलेकवासी

भावाबद्दल वाईट वाटलं. पण बागानचं उदाहरण साफ चुकलंय, मी तेव्हा कोलकात्यात नोकरीला होतो.

९ डिसेंबर २०१२. समोरचं ईस्ट बंगाल १-० पुढे, बागानच्या ओडाफाला लाल कार्ड, गॅलरीतून दगड सुरू. त्यातला एक लागला रहीम नबीला. नबी कोणाचा? बागानचाच! त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मध्यंतरानंतर बागान मैदानात उतरलंच नाही आणि बंदी आली ती न उतरल्याबद्दल. दगड कोणी मारले हा प्रश्न बाजूलाच. शिवाय दोन वर्षांची बंदी टिकली किती? जानेवारीत उठलीसुद्धा. दोन कोटी दंड आणि तोवरचे गुण शून्य, झालं. बागानशिवाय लीग बघणार कोण? मोठ्यांना दंड, बंदी लहानांना, हा आपला नियम.

याच दोन संघांच्या डर्बीत १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर १६ माणसं गेली. त्या दिवशी कोलकात्यात अजून रक्तदान करतात. मी दोनदा केलंय.

निळूभाऊ

बरं, बागान मागे घेतो. तुम्ही तिथे होतात, आम्ही आपले पेपर वाचणारे.

ऑफसाइड

इंग्लंडही मागे घ्या. बंदी चालू असतानाच १९८८ च्या युरोला इंग्लंडच्या लोकांनी जर्मनीत धिंगाणा घातला होता. मग १९८९ ला हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी. ९७ माणसं गेली, आणि पोलिसांनी खापर फोडलं प्रेक्षकांवर. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे ज्यूरीने सांगायला २०१६ उजाडलं. "गर्दी म्हणजे गुन्हेगार" एकदा डोक्यात बसलं की असं होतं. तिथे फरक पडला तो हिल्सबरोच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर बसायच्या खुर्च्या आल्या, कॅमेरे आले, आणि माणूस नावानिशी पकडून त्याच्यावर बंदी घालायला लागले तेव्हा. परदेशात सामना असला की त्याचा पासपोर्टसुद्धा जमा करून घेतात.

मडगावकर

एवढं कशाला? तुर्कस्तानसारखं करा. २०११ ला तिथल्या फेनरबाचे क्लबला बिनप्रेक्षक सामन्याची शिक्षा होती. त्यांनी पुरुषांना बाहेर ठेवलं आणि बायका नि बारा वर्षांखालची पोरं फुकट आत सोडली. ४१ हजारांच्या वर आल्या! खेळाडूंनी गॅलरीत फुलं फेकली. १-१ बरोबरी, पण वातावरण काय सुंदर.

अनुजा त.

मडगावकर, म्हणजे शिक्षा कसली होती? आम्ही?

पुरुष नीट वागले नाहीत, आता बायका बसवा. आम्ही फुटबॉल बघायला जातो, कोणाला वळण लावायला नाही. आणि फुलं कसली फेकता, बाथरूम बांधा आधी. मी सातवीपासून बाबांबरोबर सामन्याला जायची. सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. मध्यंतराची शिट्टी झाली की मी आणि मावसबहीण मैदानामागे आत्याकडे पळायचो. आत्याच्या सासूबाई दारातच विचारायच्या, "आलात का मुतायला?" परत येईपर्यंत एक गोल हमखास हुकलेला. अख्ख्या गावाला पाठ असलेला एक गोल मी आजवर फक्त ऐकलाय.

रंकाळाराव

ताई, विषय काय, तुम्ही नेला कुठं? आणि पुरुषांची तरी कुठं सोय असते?

अनुजा त.

दादा, तुम्हाला भिंत असते.

रंकाळाराव

हे बरं आहे. एकानं भिंत वापरली म्हणून सगळे पुरुष तसलेच?

अनुजा त.

नाही ना? एकाचा दोष सगळ्यांना लावला की लागतं ना? अभिनंदन, तुम्ही पेठकरांच्या बाजूला आलात.

रंकाळाराव

शब्दात पकडू नका. मी बंदीच्याच बाजूचा आहे. आणि मैदानावर संडास बांधून राडे थांबणार का?

स्मिता_नाशिक

थांबतील की नाही माहीत नाही, पण बायका येतील. आमच्याकडे क्रिकेटच्या मैदानावर बायकांचं शौचालय होतं, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. तक्रार केली तर आयोजक म्हणाले, "बायका येतात कुठे?" येणार कशा!

मडगावकर

मी चांगल्या हेतूने लिहिलं होतं. एवढं अंगावर यायची गरज नव्हती.

अनुजा त.

हेतूबद्दल आभार. आत्याच्या सासूबाईंना कळवते.

ऑफसाइड

बायका-पोरं आली की सगळे सभ्य होतात, हेही खरं नाही. २०२२ ला हंगेरीला बिनप्रेक्षक सामन्याची शिक्षा होती. नियमातून वाट काढून तीस हजारांवर मुलं बसवली. इंग्लंडचे खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधात गुडघा टेकून बसले तर त्यांची हुर्यो उडवली ती याच पोरांनी.

आणि इंडोनेशियात त्याच साली अरेमा क्लबच्या मैदानावर १३५ माणसं गेली. समोरच्या संघाच्या प्रेक्षकांना तर प्रवेशच नव्हता. अश्रुधूर पोलिसांनी सोडला. चेंगराचेंगरी झाली ती त्यानंतर, फाटकांपाशी. बिनप्रेक्षक खेळायची शिक्षा मात्र क्लबला.

रंकाळाराव

तुम्ही जगभर फिरा. मैदानात उतरले कोण? अरेमाचेच लोक ना?

ऑफसाइड

उतरले. त्याला १३५?

निळूभाऊ

संडास आणि इंडोनेशिया आटोपलं असेल तर पेठकरांना एक साधा प्रश्न. तुम्ही म्हणता फेकणाऱ्याला पकडा, सगळ्यांना नको. त्या दिवशी तुम्ही गॅलरीत होतात. बाटली कोणी फेकली, माहीत होतं?

निळूभाऊ

पेठकर? दोन तास झाले.

पेठकर

जेवायला गेलो होतो.

हो. पहिली कोणाची ते माहीत नाही. दुसरी मामेभावाची. माझ्या शेजारीच उभा होता.

रंकाळाराव

आता कसं!

निळूभाऊ

आणि संयोजकांनी विचारलं तेव्हा?

पेठकर

"गर्दीत दिसलं नाही" म्हणालो. मग काय करणार होतो? मामाच्या घरी दिवाळीला जातो. संघाचे अध्यक्ष मामाचे साडू. शिवाय चप्पल कोणाची ते अख्ख्या गॅलरीला माहीत होतं, कारण तो एका पायाने अनवाणी घरी गेला. त्याचंही नाव कोणी सांगितलं नाही.

निळूभाऊ

मग अख्ख्या गॅलरीला कुलूप लागलं, तर रडता कशाला?

पेठकर

बरं. अर्धा मुद्दा तुमचा. मावशींचा अर्धा अजून माझाच.

सॉल्टलेकवासी

कॅमेरे लावा. कॅमेऱ्याला मामा नसतो.

अनुजा त.

लावा. आणि तो कुलूपवाला हंगाम रिकामाच होता ना? तेवढ्यात दोन बाथरूम उठली असती.

रंकाळाराव

ताई, तुम्ही सोडत नाही हां. पण हे मान्य.

पेठकर

ताजी खबर. मामेभावाला हा धागा पाठवला. म्हणाला, "दुसरी माझी कशी? माझी पहिली होती. दुसरी तुझ्या थोरल्याची."