विम्बल्डन: सरींचा अंदाज, सामना बाहेरच्या कोर्टवर. काय करावं?

रांगेतला_नवखा
आपला भारतीय टेनिसपटू युकी भांब्री, त्याची दुहेरी बघायला पहिल्या आठवड्यात दोघं जातोय. तिकीट हातात नाही, त्याच दिवसाचं रांगेत उभं राहून घ्यायचंय. अंदाज सरींचा आहे. छपराच्या कोर्टचं तिकीट घ्यावं की ग्राउंड पास (फक्त बाहेरच्या लहान कोर्टांसाठीचा)? खेळ बुडाला तर पैसे परत मिळतात का? आणि सोबत काय न्यावं?

हिरवळ
युकीसाठी जाताय ना, मग ग्राउंड पासच घ्या. छप्पर फक्त सेंटर कोर्टवर (२००९ पासून) आणि नंबर एक कोर्टवर (२०१९ पासून). दुहेरीच्या सुरुवातीच्या फेऱ्या बहुतेक लहान कोर्टांवर लागतात, तिथे डोक्यावर उघडं आभाळ. तिथल्या बहुतेक जागा राखीव नसतात, आधी येईल तो बसेल.

पावसाने वेळापत्रक कोलमडलं की एकेरीचे अडकलेले सामने आधी उरकतात आणि दुहेरी मागे जाते. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम लागतो, तो नीट बघा. बाहेरच्या कोर्टांवर खेळ ११ ला सुरू होतो आणि तिथे दिवे नसल्याने नऊच्या सुमारास उजेड संपतो. आपला सामना कोर्टवरचा चौथा असेल तर सरींच्या दिवशी तो होईलच असं धरू नका. पुढचा दिवस मोकळा ठेवा.

चौथा_सेट
पाऊस थांबला म्हणजे खेळ सुरू झाला, असं होत नाही. हिरवळ जेमतेम ८ मिलिमीटरची, जरा ओलसर झाली तरी पाय सटकतो. मातीच्या कोर्टवर भुरभुरीत खेळ चालू राहतो, इथे लगेच थांबतो. पंच खाली उतरून हाताने गवत चाचपतात. सर ओसरली की ताडपत्रीवरचं पाणी काढायचं, ती गुंडाळायची, जाळं बांधायचं, मग खेळाडूंचा सराव. यात अर्धा तास सहज जातो. बहुतेक लोक याच वेळात चहाला पळतात आणि परत येईपर्यंत बाकं भरलेली असतात. ताडपत्री हलली की लगेच जागा धरा.

साउथफील्ड्स
साउथफील्ड्स स्टेशनला उतरा, तिथून विम्बल्डन पार्कमधली रांग चालत पंधरा-वीस मिनिटांवर. प्रत्येकाला तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड मिळतं. ते भिजू देऊ नका, झिपच्या पिशवीत ठेवा, हरवलं तर जागा गेली. रात्री मुक्काम असेल तर तंबू दोन माणसांपेक्षा मोठा चालत नाही. पहाटे उठवतात आणि तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, म्हणून कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या. सामान ठेवायची सोय आहे.

आत माणशी एकच बॅग, ४० × ३० × ३० सेंटिमीटरपर्यंत. खेळ चालू असताना छत्री उघडली तर मागच्यांना दिसत नाही, म्हणून टोपीचा रेनकोट घ्या. बाक पुसायला जुना टॉवेल, खाली घालायला प्लास्टिक, एक जादा मोजे. कॅनव्हासचे बूट नकोत, पार्कातल्या चिखलात दिवसभर ओले राहतात. पॉवर बँक हवीच, पुढचं सगळं विम्बल्डनच्या ॲपवर आहे.

हिरवळ
परताव्याचं: शो कोर्टच्या (सेंटरसारख्या राखीव जागांच्या मोठ्या कोर्टच्या) तिकिटावर पावसामुळे एक तासापेक्षा कमी खेळ झाला तर पूर्ण रक्कम परत, एक ते दोन तासांत निम्मी. छपराखाली खेळ चालतोच, त्यामुळे सेंटरच्या तिकिटावर ही वेळ क्वचितच येते.

रांगेतला_नवखा
आणि दिवसभर पाऊसच लागला तर ग्राउंड पासवर छपराखाली जायला काही मार्ग?

साउथफील्ड्स
आहे. दुपारनंतर लोक शो कोर्टची तिकिटं सोडून जातात, ती पुन्हा विकतात. आत शिरल्यावर ॲपवरच्या रांगेत नाव घाला. मूळ किमतीच्या मानाने अगदी थोडे पैसे पडतात आणि ते धर्मादाय कामाला जातात. पाऊस असला की या रांगेत गर्दी होते, दुपारीच नाव टाका. पण युकीचा सामना ताडपत्रीखाली अडकलेला असेल तर आभाळावर लक्ष ठेवा. उघडीप दिसली की सेंटरवरून उठून त्याच्या कोर्टकडे निघा.