पीएम किसान: ई-केवायसी झालं, जमिनीची नोंद आहे, तरी हप्ता अडकलाय

बांधावरचा:
पीएम किसानचे मागचे दोन हप्ते आले नाहीत, नमो शेतकरीचेही नाहीत. पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला तर लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) आणि ई-केवायसीपुढे ‘येस’, आधार-बँक सीडिंगपुढे मात्र ‘नो’. बँकवाले म्हणतात, आधार केव्हाच जोडलंय. खरं कोणाचं धरायचं? आणि पीएम किसानचे ४,००० बुडाले का?

सातबारा_वाचक:
दोघंही खरंच सांगतायत. बँक म्हणते ती केवायसी, म्हणजे खात्यावर तुमच्या आधार क्रमांकाची नोंद. हप्ता मात्र आधार क्रमांकावर सुटतो. तो कुठल्या बँकेत जायचा हे एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) मॅपरवर, म्हणजे आधार-बँक जोडणीच्या यादीवर ठरतं. तिथे एका आधारापुढे एकच बँक राहते. मधे कुठे दुसरं खातं काढताना अनुदानाच्या संमतीवर सही झाली असेल, तर जुनी नोंद गेली.

आधी ‘माय आधार’वर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. ‘इनॅक्टिव्ह’ असेल किंवा नावच नसेल तर शाखेत जा, पण तिथे ‘आधार जोडा’ म्हणू नका. तसं म्हटलं की काउंटरवर केवायसीच उघडून बघतात आणि ‘झालंय की’ म्हणून परत पाठवतात. ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय सीडिंग’ असं सांगा, संमतीचा फॉर्म भरा, पोच घ्या. शाखा फारच टाळाटाळ करत असेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून त्याला सीडिंग करून घ्या.

पैसे बुडत नाहीत. अपात्रतेचं कारण नसेल तर त्रुटी दूर झाल्यावर थकलेले हप्ते मिळतात.

ओलिताचं_रान:
वरच्यात एक भर. मॅपरवर दुसऱ्याच बँकेचं नाव ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तर आधी त्या खात्याचा उतारा काढा. मागचा एखादा हप्ता तिथेच पडलेला सापडतो. स्टेटसमध्ये ‘एफटीओ जनरेटेड’ दिसत असेल तर हस्तांतरणाचा आदेश निघालाय, थोडं थांबा.

आता माझा प्रश्न. वडील हयात आहेत, २०२१ मध्ये वाटणीपत्राने दोन्ही मुलांची नावं सातबारावर लागली. मुलांचे अर्ज नामंजूर झालेत. कागद कमी पडले का?

फेरफार:
कागदांचा प्रश्नच नाही. योजनेत पात्रता ठरवायची तारीख १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर खरेदी, बक्षीसपत्र किंवा वाटणीने जमीन आली असेल तर लाभ नाही. सवलत एकाच बाबतीत, मूळ खातेदार वारल्यावर वारसाने नाव लागलं तर. म्हणून अर्ज तपासताना सातबारापेक्षा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) जास्त बघतात: नोंद कधीची आणि प्रकार कोणता. पुन्हा अर्ज करून उपयोग नाही.

वारसाचं प्रकरण असेल तर वारस फेरफार, मृत्यूचा दाखला, चालू सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. आणखी एक, योजनेच्या हिशोबाने कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. नवरा-बायको दोघंही घेत असतील तर एकाचा बंद होतो, आणि घेतलेल्या हप्त्यांची वसुलीही लागू शकते.

बांधावरचा:
बघितलं. मॅपरवर बंद पडलेल्या जनधन खात्याची बँक आहे. म्हणजे ते खातं आधी चालू करावं लागेल का?

सातबारा_वाचक:
गरज नाही. हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या. त्यात आधीच्या बँकेचं नाव विचारलेलं असतं, ते न चुकता लिहा. मॅपरवर नवं नाव दिसेपर्यंत पोच जपून ठेवा.