सिंकोना कोकणात लागेल का? आणि आमच्या विहिरीमागचं ‘कोयनेलाचं झाड’ नक्की कोणतं?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या कोसावर आमचं घर. खाली नारळ-पोफळीची वाडी, वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर, हापूसची कलमं आणि थोडे काजू. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणाखाण्यासकट.

हल्ली मुंबई-पुण्याची तरुण मंडळी येताना टॉनिक वॉटरच्या, म्हणजे कडवट सोड्याच्या, बाटल्या घेऊन येतात आणि त्यात आमच्याकडचं कोकमाचं आगळ घालून पितात. (आणखी काय घालतात ते मी विचारत नाही. खोली स्वच्छ ठेवली म्हणजे झालं.) हे बघून माझ्या भाच्याच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाला, “मावशी, याचा कडवटपणा सिंकोनाच्या सालीचा. साल ऑनलाइन मिळते. आपण घरीच पाक करू, कोकम टॉनिक म्हणून बाटल्या विकू. आणि दोन-चार रोपंही लावून टाकू, कोकणात काय लागत नाही?” एका रोपवाटिकेने त्याला फोनवर “सिंकोना आहे, कुठेही येतं” असं सांगितलंही आहे.

यात सासूबाई पडल्या. “साल विकत कशाला आणता? विहिरीमागे कोयनेलाचं झाड आहे की!” (कोयनेल म्हणजे क्विनीन, सिंकोनाच्या सालीतलं हिवतापावरचं कडू औषध.) हे झाड मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. सरळसोट, उंच, फांद्या मजल्यामजल्याने फुटलेल्या. एका पेरातून सहा-सात पानं छत्रीसारखी निघतात. ओरबाडलं की पांढरा चीक येतो. कार्तिकात फुलतं तेव्हा रात्री असा उग्र दरवळ सुटतो की पाहुणे खिडक्या लावून घेतात. सासूबाईंच्या लहानपणी थंडीताप आला की याच सालीचा काढा मिळे. आमचे गडी अजूनही साल काढून नेतात, खोडभर कोयत्याचे वण झालेत.

तर हे झाड सिंकोनाचं का? नसेल तर सिंकोना इथे लावण्यात अर्थ आहे का? आणि विकतची साल आणून घरी टॉनिक केलं तर चालेल का?

जाता जाता अजून एक. सासूबाईंना रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. त्यावर टॉनिक वॉटर चांगलं असं भाच्यानेच कुठेतरी वाचून सांगितलं, आणि आता त्या रोज निजताना ग्लासभर मागतात. “कडू आहे ना, म्हणजे औषधच.” द्यावं का?

जांभ्यावरचा माळी

ताई, झाड सातवीण. पानांचा झुबका, चीक, मजल्यांच्या फांद्या आणि कार्तिकातला तो वास, एवढ्यावर फोटोचीही गरज नाही. आमच्या दापोलीकडे तिच्याखाली रात्री कुणी थांबत नाही, भूत असतं म्हणतात. शास्त्रीय नाव आल्स्टोनिया स्कोलारिस. कण्हेर-चाफ्याच्या कुळातली, म्हणून चीक. सिंकोना कॉफीच्या कुळातला, त्याला चीक नसतो. पानं समोरासमोर दोन-दोन, फुलं लहान, नळीसारखी, गुलाबी-पांढरी, पाकळ्यांच्या कडेला लव. दोघांचं नातं एवढंच की दोन्ही साली कडू आणि दोन्ही तापावर दिल्या गेल्या. सातविणीच्या सालीत क्विनीन नाही, तिची अल्कलॉइडं (सालीतली कडू, औषधी द्रव्यं) वेगळी.

सिंकोनाच्या कुळातलं, तशाच कडू सालीचं झाड हवंच असेल तर आपल्या रानात भोरसाल आहे. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आधी सिंकोनातच बसवलं होतं, पुढे वेगळी काढली. क्विनीन तिच्यातही नाही.

आता लागवड. सिंकोना मूळचा अँडीज पर्वताच्या उतारांवरचा : पेरू, इक्वाडोर, बोलिव्हिया, कोलंबिया. साधारण हजार ते तीन हजार मीटर उंची, कायम धुकं, बारमाही ओल, गारवा, पण दहिवर गोठणार नाही इतपत. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे, निचरा उत्तम आहे, तिथवर ठीक. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळतो आणि उरलेले आठ महिने सडा तापतो. एप्रिलमध्ये तुमच्या सड्यावर अनवाणी उभं राहून बघा आणि मग त्या रोपाचा विचार करा.

हा प्रयोग आपल्या डोक्यावरच होऊन गेलाय. मुंबई सरकारने १८६०च्या दशकात महाबळेश्वरला लिंगमळ्यावर सिंकोना लावला होता. तिथे साडेतेराशे मीटर उंची आहे, गारवा आहे, तरी तो मळा सोडून द्यावा लागला. महाबळेश्वराला जमलं नाही ते गुहागरच्या किनाऱ्याला जमणार नाही. भारतात तो टिकला तो निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मंगपूला. “कुठेही येतं” म्हणणाऱ्या रोपवाटिकेकडून सिंकोनाच काय, साधी पोफळसुद्धा घेऊ नका.

कलमं बांधणाऱ्या माणसाला या झाडाची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. सिंकोनाच्या जातीजातीत क्विनीनचा फार फरक. मार्कहॅम या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६०च्या मोहिमेतून इंग्रजांनी आणलेली तांबड्या सालीची जात काटक, पण तिच्यात क्विनीन कमी. चांगलं बी चार्ल्स लेजर नावाच्या व्यापाऱ्याला बोलिव्हियात मिळालं, म्हणजे खरं तर त्याच्या मानुएल इंक्रा मामानी या आयमारा जमातीच्या माणसाने रानोमाळ हिंडून गोळा केलं. इंग्रज सरकारने ते नाकारलं. डचांनी १८६५ साली पौंडभर घेतलं आणि जावात पेरलं. झाडं वाढल्यावर सालीत दहा टक्क्यांच्या वर क्विनीन निघालं! पण ही जात नाजूक, मुळं कमजोर. मग डचांनी काय केलं? तांबड्या सालीच्या काटक खुंटावर लेजरच्या जातीची डोळकाडी बांधली. आपण रायवळच्या खुंटावर हापूस बांधतो तसंच. पुढे जगातलं बहुतेक सगळं क्विनीन जावातून येऊ लागलं, ते १९४२ला जपानने जावा घेईपर्यंत. मामानीला मात्र पुन्हा बी गोळा करताना पकडलं, तुरुंगात इतकं मारलं की तो त्यातच गेला. त्या जातीला नाव लेजरचं लागलं, लेजेरियाना. मला हे कधी पटलेलं नाही.

काउंटरपलीकडून

रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. घरी टॉनिक करण्याबद्दल लिहितो, कारण भाचा उत्साही दिसतोय.

साल म्हणजे गोळी नव्हे. गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, सालीत ते झाडावर, जातीवर, वयावर अवलंबून. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये क्विनीनची मर्यादा लिटरला ८३ मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करा. सालीत पाच टक्के अल्कलॉइड धरली, तर १० ग्रॅम सालीत ५०० मिलिग्रॅम झाली. पाक करताना मूठभर साल “अजून थोडी, रंग येऊ दे” म्हणून टाकली की तुम्ही सरबत नाही, औषध करताय, आणि तेही मात्रा माहीत नसलेलं. उकळल्यावर किती उतरलं, गाळताना किती राहिलं, हे चवीवरून कळत नाही. क्विनीन जास्त झालं की कानात घंटा वाजतात, ऐकू कमी येतं, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणखी वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बाटलीत भरून परक्या माणसाला विकायचं तर अन्न परवानाही लागेल, आणि त्या अर्जात सालीचं काय लिहिणार?

उलट बाजूही सांगतो, कारण “टॉनिक प्यायलं की मलेरिया होत नाही” असं गिऱ्हाइकं मला अजून सांगतात. क्विनीनने हिवतापाचा उपचार करायचा तर मोठ्या माणसाला दर आठ तासांनी सुमारे ६०० मिलिग्रॅम, असे सात दिवस. दिवसाचे १८०० मिलिग्रॅम बाटलीतून मिळवायचे तर रोज बावीस लिटरच्या आसपास टॉनिक प्यावं लागेल. म्हणजे घरचा पाक धोक्याचा ठरू शकतो आणि दुकानातली बाटली औषध म्हणून निरुपयोगी.

सासूबाईंचं : पोटऱ्यांच्या गोळ्यांसाठी पूर्वी क्विनीनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारे दिले, कारण काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट एकाएकी कोसळतात. ग्लासभर टॉनिकमध्ये गोळे थांबवण्याइतकं क्विनीन नसतं, पण ज्यांना ते सोसत नाही त्यांना तेवढंही बाधू शकतं. त्या हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असतील तर टॉनिक आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. साखरेचा त्रास असेल तरी विचार करा, साध्या टॉनिकमध्ये भरपूर साखर असते, कडू लागतं म्हणून जाणवत नाही इतकंच.

पिंगुळीचो म्हातारो

गे बाय, वरच्या दोघांनी सांगल्यानी तां बरोबर आसा. माकां एकच गोष्ट सांगूची आसा, पण ती शुद्धात लिहितो, नाहीतर गुहागरापर्यंत पोचायची नाही.

काजरा. माळ्याने लिहिलं की सिंकोनाची पानं समोरासमोर आणि साल कडू. आमच्या कुडाळ-सावंतवाडीच्या रानात समोरासमोर पानांचं, जहर कडू सालीचं झाड भरपूर आहे, ते म्हणजे काजरा. पान चकचकीत, देठापासून तीन ते पाच शिरा निघालेल्या, फळ पिकलं की नारिंगासारखं गोल आणि केशरी. त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन, सालीतही स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन. माणूस शुद्धीवर असताना धनुष्यासारखा वाकतो आणि श्वास अडकून मरतो. भाचा उद्या हे वाचून “कडू साल, समोरासमोर पानं” शोधत रानात शिरला तर? त्याला आधी काजरा दाखवा आणि मग रानात सोडा.

आता कोयनेल. मी आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामाला होतो. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, “कुणाला ताप आला का?” विचारायचं, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, भिंतीवर तारीख टाकायची. फवारणीवाले आले की बायका आम्हाला शिव्या घालीत, पावडरीने भिंती पांढऱ्या होत म्हणून. माझ्या काळात आम्ही क्लोरोक्विन वाटत असू, पण म्हातारी माणसं प्रत्येक कडू गोळीला कोयनेलच म्हणत. गोळी जिभेखाली धरून आमची पाठ फिरली की थुंकत. म्हणून मी समोर पाणी प्यायला लावून, आ करायला लावून मगच निघत असे.

तुमच्या सासूबाई म्हणतात काढ्याने ताप जाई. जात असेल. तो तिजारीचा ताप एकाआड एक दिवस तसाही उतरतो, आणि ज्या दिवशी उतरतो त्या दिवशी काढ्याला मान मिळतो. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात, महिन्यांनी परत उठतात. त्यांना खुद्द क्विनीनही मारत नाही, त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. फाल्सिपॅरम ही हिवतापाची घातक जात असेल तर काढा उकळत बसण्याइतका वेळच नसतो, मेंदूत गेला की दोन दिवसांत माणूस जातो. तुमच्या गड्यांना सांगा, हुडहुडी भरून ताप आला तर साल नको, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त द्या. तपासणी फुकट, गोळ्या फुकट.

बाकावरचा

शाळेत विज्ञान शिकवतो. भाच्याला रिकामं बसवत नसेल तर हे करायला लावा. खोट्या नोटा ओळखायची निळसर-जांभळ्या उजेडाची बॅटरी दुकानदारांकडे असते. ती अंधारात टॉनिकच्या ग्लासवर मारा, सगळा ग्लास निळा झळकतो. ते क्विनीन. मग चमचाभर मीठ घालून ढवळा, झळाळी मंदावते, कारण मिठातला क्लोराइड ती विझवतो. वर्गात पोरं यासाठी भांडतात. फक्त यावरून सालीची परीक्षा करायची नाही, दुसऱ्या कितीतरी झाडांच्या साली तशाच झळकतात.

सड्यावरची

सगळ्यांचे आभार. रोपवाटिकेला नको म्हणून कळवलं. सासूबाईंची चिठ्ठी काढून बघितली, वॉरफरिन नाही पण साखरेच्या गोळ्या दोन वेळा आहेत, तेव्हा ग्लास बंद. रुसल्यात. पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी गुरुवारी डॉक्टरांकडे नेते आहे.

भाच्याने बॅटरी मारून बघितली, पाहुण्यांची लहान मुलं तासभर हलली नाहीत. विकण्याचं वेड मात्र गेलेलं नाही. आता म्हणतो, टॉनिक बाजारातलंच घेऊ, आगळ आपलं घालू आणि ग्लासवर विकू. याला माझी ना नाही, मीठ कमी घालायला सांगितलंय.

गड्यांना साल काढायची बंदी केली. एक जण म्हणाला, मग दुसऱ्या वाडीतून आणू. त्याच्या घरी आरोग्य केंद्राचा फोन नंबर भिंतीवर लिहून आले.

माळीदादा, त्या सातविणीच्या खोडावर एक वण हातभर लांब आहे, आतलं लाकूड काळं पडलंय. काही करता येईल का, की पडायच्या आत तोडावी? विहीर जवळ आहे म्हणून भीती वाटते.

जांभ्यावरचा माळी

तोडू नका, आधी तपासा. काळ्या भागावर कोयत्याच्या मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर झाड ठीक आहे. मेलेली साल कडेकडेने धारदार चाकूने साफ करा, जिवंत सालीपर्यंतच, आत कोरत बसू नका. मग बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. वणापुरतं हवं तर प्रमाण तेच ठेवून शंभर-शंभर ग्रॅमचं करा, आणि विहिरीत थेंब जाणार नाही असं बघा. मृगाच्या आधी एक हात आणि पाऊस संपल्यावर दुसरा. पोकळ आवाज आला तर फोटो टाका, मग विहिरीकडच्या फांद्या उतरवायच्या का ते बघू.