मदत हवी आहे: पेंचजवळ पावसाळ्यात मुलांसाठी खरे निसर्ग-उपक्रम असलेलं रिसॉर्ट

मंडळी, सोसायटीतल्या १० ते १४ वयाच्या पोट्ट्यांना घेऊन पोळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी नागपूरहून एक मुक्काम करायचा आहे. तारीख पुढे ढकलता येत नाही, नंतर तान्हा पोळा आहे. अमावस्या जवळ असल्याने रात्री अंधार असेल, म्हणजे पांढरी चादर टांगून दिव्यावर येणारे पतंग बघायला उत्तमच.

१ जुलै ते ३० सप्टेंबर पेंच व्याघ्र प्रकल्पाचा कोअर (आतलं मुख्य जंगल) बंद असतो हे माहीत आहे. वाघ नकोच आहे, त्यामुळे 'बफरची (म्हणजे कोअरभोवतालच्या जंगलाची) सफारी घ्या' हा सल्ला कृपया नको. पेंचमधल्या डार्क स्काय पार्कचाही (तारे बघायला राखलेल्या अंधाऱ्या जागेचा) विचार केला, पण ढगांत तारे कुठले दिसायला?

सिल्लारी आणि खुर्सापार, पेंचच्या या दोन्ही गेटांकडच्या रिसॉर्टना फोन केले. 'नेचर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणजे बहुतेक ठिकाणी रेन डान्स. एकाने तर 'साप हातात देऊ' म्हटलं! १९७२ चा वन्यजीव कायदा बहुधा रिसेप्शनपर्यंत पोचलेला नाही. एक-दोघांकडे नॅचरलिस्ट (निसर्गाचे जाणकार) आहेत, पण ते पावसाळ्यात गावी जातात.

आवारातच रात्री कोळी, बेडूक, पतंग आणि सकाळी पक्षी दाखवणारा माणूस हवा. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलावणारा नको. बस आमची आहे, साधी डॉर्मिटरी चालेल, जेवण शाकाहारी.

पावसाळ्यातही नॅचरलिस्ट मुक्कामी असतो असं, तुम्ही स्वतः जाऊन आलेलं रिसॉर्ट कोणतं? आणि तो खरंच जाणकार आहे की नुसता गाईड, हे फोनवर ओळखायला नेमकं काय विचारावं?