हीटवेव्ह, चेस, बोल्डर, ब्लेड्स : तुमच्याकडे कोण कोण होतं?

माळा आवरताना जुन्या पिशवीत चौघे सापडले. रेस्क्यू बॉट्स! लेक आता दहावीत. त्याने ब्लेड्स उचलला, एका झटक्यात हेलिकॉप्टरचा रोबो केला, परत हेलिकॉप्टर केलं आणि म्हणाला, "हा द्यायचा नाही." बाकी तिघांबद्दल अवाक्षर नाही.

ज्यांच्या घरी २०१२ नंतर हे वारं आलं नाही त्यांच्यासाठी: ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे गाडीचा रोबो होणाऱ्या खेळण्यांच्या, खानदानातली ही बाळबोध शाखा. लाल हीटवेव्ह म्हणजे आगीचा बंब, निळा चेस पोलीस गाडी, हिरवा बोल्डर बुलडोझर. त्यांच्या कार्टून मालिकेत ते अमेरिकेतल्या मेन राज्यालगतच्या ग्रिफिन रॉक बेटावर राहतात आणि मारामारीपेक्षा माणसं वाचवण्यात गुंतलेले असतात. ब्लेड्स हेलिकॉप्टर असून उंचीला घाबरतो. आमचा मुलगा तेव्हा घसरगुंडीच्या शिडीवरूनच परत फिरायचा, त्यामुळे यांची गट्टी का जमली ते वेगळं सांगायला नको.

तुमचे किस्से येऊ द्या.

न्यू जर्सीहून, दोन मुलांची आई
आम्ही हीटवेव्ह तीनदा विकत घेतला. आधी बंब, मग आग विझवणारी बोट, मग लांब मानेचा डायनोसॉर. मालिकेत एकच हीटवेव्ह नवनवी रूपं घेतो, दुकानात मात्र प्रत्येक रूपाचं वेगळं खोकं! धाकट्याला हे पटेना. एकाच वेळी तीन हीटवेव्ह कसे? शेवटी त्यानेच नियम केला: एक खेळात असेल तर उरलेले दोघे उशीखाली. बोट टबात बुडवल्यावर तिच्या पायांतून दोन दिवस पाणी ठिबकत होतं, आणि ती उशीखालीच होती.

नाशिकहून, आजोबा
खोक्यावर ३ ते ७ वर्षे लिहिलंय. माझं वय ७१, म्हणून जमत नसावं. थोरल्या नातवाचे मोठे ट्रान्सफॉर्मर म्हणजे सूचनांचा कागद समोर धरून पंधरा-वीस घड्या, एकाचा हात माझ्याच हातात आला होता. हे एका ओढीत उभे राहतात म्हणे. मी ओढत होतो. नात म्हणाली, "आबा, ओढू नका. आधी दाबा." कट्ट आवाज आला आणि बोल्डर उभा.

डोंबिवलीहून, बाबा
आमचा रस्त्यावरचा, दीडशे रुपयांचा. रंग बोल्डरचा, तोंड चेसचं, पाठीवर 'रेस्क्यू'चं स्पेलिंग चुकलेलं. तिसऱ्या दिवशी छातीतली स्प्रिंग उडाली, कपाटाखालून काढली आणि मुलाच्या हाती लागायच्या आत फेकली. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. लहान मूल घरात असेल तर तेवढा बघून घ्या, माझ्यासारखी घासाघीस करत बसू नका. खेळणं मुलाने टाकू दिलं नाही. घरातल्या खऱ्या तिघांनी कुणाला तरी वाचवायला हवं ना! गेली दोन वर्षं तो रोज सोफ्याच्या कड्यावरून पडतोय.

कोल्हापूरहून, आई
नंतरच्या 'रेस्क्यू बॉट्स अकादमी' मालिकेतला मेडिक्स, ॲम्ब्युलन्सवाला. मी नर्स, म्हणून लेकीला तोच हवा होता. दुकानदार म्हणाले, "मुलीसाठी ना? बाहुल्या त्या बाजूला." लेकीने बाहुली घेतली. मेडिक्सला पेशंट लागतो म्हणून. मेडिक्सही घेतला. बिल माझ्या नावे.

मडगावहून, काका
सांधे ढिले होऊन उभे राहत नसतील तर टाकू नका. पाठीचा स्क्रू काढून सांधा उघडा, गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण सुकल्यावरच जोडा. मी घाई केली. भाच्याचा चेस आता कायमचा उभा, गाडी होतच नाही. फ्रीजवर ठेवलाय, नाक्यावरच्या ड्युटीला.