होस्टाच्या बुंध्याशी उडणारी बारीक चिलटे: उपाय सुचवावा

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. आमच्या घराच्या उत्तर बाजूच्या सावलीत होस्टाची (रुंद पानांची शोभेची) झाडे आहेत. काही जमिनीत, तर काही दाराजवळच्या कुंड्यांत. जून लागल्यापासून पाणी घालताना पाने हलली की बुंध्याजवळून बारीक काळसर किडे उडतात, क्षणभर घोटाळतात आणि पुन्हा मातीवर बसतात. काही पानांना वेडीवाकडी भोकेही पडली आहेत. 'हॅल्सियन' ही निळसर पानांची जात आम्ही विशेष जपतो. तिच्यावर कडुनिंबाचे तेल किंवा साबणाचे पाणी फवारावे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

हॅल्सियनवर तेल किंवा साबण यांपैकी काहीही फवारू नये, ही पहिली विनंती. या जातीचा निळा रंग पानावरील मेणाच्या पातळ थरामुळे दिसतो. तेलाने अथवा साबणाने तो थर निघून गेला की पान हिरवे दिसू लागते आणि त्या पानावर तो रंग पुन्हा येत नाही. बोटाने हलकेच पुसून पाहिले तरी खालचा हिरवा पट्टा उघडा पडतो.

आता किड्याविषयी. पांढरी माशी असती, तर पान हलवताच पानाच्या खालच्या बाजूने पांढरी भुकटी उडाल्यासारखी दिसली असती आणि पाने चिकट झाली असती. तुडतुडे असते, तर ते तिरके उड्या मारत गेले असते आणि पानांवर फिकट ठिपके राहिले असते. आपले किडे मातीतून उठतात आणि मातीवरच परततात, यावरून ती ओलसर मातीत वाढणारी चिलटे, म्हणजेच फंगस नॅट, असावीत असे मला वाटते. त्यांच्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या मातीच्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये राहतात आणि मुख्यतः बुरशी व कुजणारा पालापाचोळा खातात. संख्या फार वाढली, तर कोवळ्या मुळांनाही इजा करतात. खात्री करायची असल्यास बटाट्याची जाड चकती मातीत किंचित दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असतील, तर त्या चकतीच्या खालच्या बाजूस जमलेल्या दिसतील.

पानांची भोके मात्र या चिलटांची नव्हेत. ती बहुधा बिनशंखाच्या गोगलगायींनी पाडलेली आहेत. रात्री टॉर्च घेऊन पाहिल्यास त्या पानांवरच सापडतील.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. कुंड्यांत ठेवलेल्या चकत्यांखाली आपण वर्णन केल्या तशाच अळ्या आढळल्या, जमिनीत मात्र एकही नाही. भोके पडलेल्या पानांवर वाळलेल्या चंदेरी रेषाही दिसल्या. आता पुढे काय करावे?

दुसरे उत्तर

कुंड्यांतील मातीचा वरचा थर दोन पाण्यांमध्ये कोरडा पडू द्यावा आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. केवळ एवढ्याने चिलटांची वाढ बरीच मंदावते. होस्टाला ओल आवडते, त्यामुळे खालची मुळे सुकणार नाहीत याकडे लक्ष ठेवावे. डासांच्या अळ्या मारण्यासाठी बीटीआय या जिवाणूच्या चकत्या मिळतात, त्या पाण्यात भिजवून ते पाणी झाडांना घालावे. 1976 मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू अळ्यांनी खाल्ला तरच काम करतो आणि उडणाऱ्या किड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून तीन-चार आठवडे दर आठवड्याला हेच पाणी घालत राहावे. पिवळ्या चिकट कागदावर उडणारी चिलटे अडकतात. त्यावरून संख्या घटते आहे की नाही, हे कळते. गोगलगायींसाठी आयर्न फॉस्फेटचे दाणे संध्याकाळी झाडांभोवती विरळ टाकावेत.

मुळांवाटे झाडात भिनणारी निओनिकोटिनॉइड गटातील औषधे वापरू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. होस्टाच्या फुलांवर भुंगे आणि हमिंगबर्ड येतात, आणि न्यू जर्सीने 2022 च्या कायद्यान्वये घरगुती बागांतील त्यांच्या वापरावर निर्बंधही आणले आहेत.

तिसरे उत्तर (पुणे)

आमच्याकडे होस्टा टिकत नाही, कारण त्याला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. परंतु कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंड्यांत पावसाळ्यात अशीच चिलटे होतात. अर्धवट कुजलेले कंपोस्ट आम्ही अशा कुंड्यांत घालत नाही. तुमच्या कुंड्यांत वरून पालापाचोळ्याचे आच्छादन असल्यास तेही काही आठवडे काढून ठेवावे.